किलोमीटर नको, वेळ सांग

बाबांनी एकदा सकाळी पोहे खाता खाता विचारलं, धाकटा राहतो ते गाव इथून नक्की किती लांब गं. मी भूगोलाची मास्तरीण, इंदूरच्या शाळेत तीस वर्षं नकाशे टांगले आणि उतरवले, मला वाटलं चला, कधी नव्हे तो आपल्या विषयातला प्रश्न आला. फोनवर बघितलं आणि ऐटीत सांगितलं, सॅन फ्रान्सिस्को, सरळ हवाई अंतर साधारण १३,००० किलोमीटर. बाबांनी जीरावन मसाल्याची डबी पुढे ओढली, पोह्यांवर भुरभुरवली आणि म्हणाले, "किलोमीटर नको, वेळ सांग."

बाबा रेल्वेत गार्ड होते. २०२२ मध्ये रेल्वेनं गार्डाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं तेव्हा पेपर वाचून दिवसभर हसत होते, मॅनेजर म्हणे, आम्ही तर डब्यात कंदील घेऊन बसणारे. सगळी नोकरी मीटर गेजच्या अरुंद रुळांवर, महू-खंडवा लाइन. ही लाइन म्हणजे होळकरांची, तुकोजीराव दुसऱ्यांनी १८७० मध्ये इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांसाठी, आणि त्यातून खंडवा-इंदूर रेल्वे झाली. बाबा हे इतक्या अभिमानानं सांगायचे की जणू ते पैसे आपल्याच घरून गेले होते.

त्या लाइनवर पातालपानी ते कालाकुंड असा घाट आहे, जेमतेम दहा किलोमीटरचा. बोगदे, पूल, बाजूला खोल दरीत चोरल नदी. खाली उतरताना पातालपानीला ब्रेकची तपासणी, टंट्या मामांना, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लांना, नमस्कार, मगच गाडी हलायची. वर चढताना कालाकुंडला मागून दुसरं इंजिन लागायचं, त्याला बँकर म्हणतात, आणि ते लागेपर्यंत लोक पळसाच्या पानातला कलाकंद खाऊन घ्यायचे. दहा किलोमीटरला अर्ध्या तासाच्या वर वेळ. आणि तीच गाडी पुढे निमाडच्या सपाटीवर आली की दहा किलोमीटर कधी गेले कळायचं नाही. त्यामुळे बाबांच्या लेखी किलोमीटर ही गोष्ट खांबांवर रंगवायची, माणसानं वापरायची नव्हे.

गार्डाला प्रत्येक स्टेशनची नोंद ठेवावी लागते, कधी पोचलो, कधी निघालो, किती मिनिटं गेली, का गेली. रिटायर झाल्यावर ती सवय गेलीच नाही. दर वर्षीच्या डायरीत पट्टीनं रकाने आखायचे आणि घरातल्या सगळ्यांच्या प्रवासाची नोंद करायचे. माझं पुण्याला जाणं, आत्याचं नाशिकहून येणं, धाकट्याचं अमेरिकेहून येणं. निघाला, पोचला, लेट, रिमार्क. रिमार्कमध्ये "धुकं", "सिग्नल", "नवऱ्याची चप्पल सापडेना" (हे माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाचं, अजून सगळे हसतात).

तर वेळ सांग म्हणाले आणि मी अडकले. कारण वेळ सांगायचा तर आधी कुठून जायचं ते सांगावं लागतं. मग मी कपाटावरचा पृथ्वीचा गोल काढला, खजूरी बाजारातून घेतलेला, हिंद महासागरावर थोडा पोचा आलेला, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा. दोऱ्याचं एक टोक इंदूरवर आईला धरायला लावलं, दुसरं मी सॅन फ्रान्सिस्कोवर धरलं आणि ताणलं. भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं की विमान युरोप, मग अटलांटिक, मग अख्खी अमेरिका असं आडवं आडवं जाणार. पण दोरा ताणला की तो आपोआप वर सरकतो, सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का, तिथून खाली कॅनडाचा किनारा. गोलावर सगळ्यात जवळचा रस्ता हा असा असतो, सपाट कागदावर तो उगीच वाकडा दिसतो. शाळेत मी हे दर वर्षी करून दाखवायचे आणि दर वर्षी कोणीतरी एक पोरगं म्हणायचंच, मॅडम तुम्ही दोरा ढिला सोडला.

बाबा चष्मा वर करून बघत राहिले. "वरून जातं? मधे स्टेशन कुठलं?"

काही नाही म्हटलं, बर्फ.

"आणि इंजिन बसलं तर?"

मग सांगितलं की दोन इंजिनांच्या विमानाला नियम असतो, एक बंद पडलं तरी उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत कुठल्या ना कुठल्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे, त्यामुळे रस्ता आखताना तशी ठिकाणं धरूनच आखतात. हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे बाजूला क्रॉसिंग स्टेशनं आहेत," असं स्वतःशीच म्हणाले आणि चहा मागितला.

त्यांना खरी मजा आली ती मात्र दुसऱ्याच गोष्टीत. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोऱ्यानं मोजलं तर १२,४०० किलोमीटरच्या आसपास भरतं. एअर इंडियाचं थेट विमान २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं, ते आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. मग २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे अटलांटिकवरच्या रस्त्यापेक्षा हजारावर किलोमीटरचा फेरा. आणि पोचलं किती वेळात तर साडेचौदा तासांत, आधीपेक्षा दोनेक तास लवकर! कारण वर, आपल्या डोक्यावर नऊ-दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, कधी कधी ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरनं. वारा समोरून आला तर विमानाला मागे रेटतो, मागून आला तर पुढे ढकलतो. इंजिन तेच, इंधन कमी, रस्ता लांब आणि वेळ थोडा.

मी हे समजावून सांगायला लागले तर बाबांनी मधेच हात वर केला, "कळलं कळलं. उतार मिळाला."

इतकी वर्षं शिकवलं पण जेट स्ट्रीमला इतका सोपा शब्द मला सुचला नव्हता. मागून वारा म्हणजे उतार, समोरून वारा म्हणजे घाट.

त्यानंतर त्यांना नादच लागला. २०२१ च्या जानेवारीत बेंगळुरूचं विमान सगळ्या बायका वैमानिक असलेलं सॅन फ्रान्सिस्कोहून थेट उत्तर ध्रुवावरून आलं तेव्हा बाबांनी ते कात्रण डायरीत चिकटवलं, कॅप्टन झोया अगरवाल, सतरा तासांच्या आसपास, एका दमात. आईला म्हणाले बघ, आमच्याकडे महूपासून खंडव्यापर्यंत दोन ठिकाणी पाणी भरायचो. एकदा हिशोब करून दाखवला की विमान ताशी ९०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १५, म्हणजे आपला कालाकुंडचा घाट चाळीस सेकंदांत संपला. मग थोडं थांबून, "कलाकंद घ्यायचा कधी?"

तिकिटावर जो वेळ लिहितात त्यातही गंमत आहे. दिल्ली-इंदूर हवेतून साडेसहाशे किलोमीटर, खरं उडणं तासाभराचं, पण तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो. कारण तो वेळ विमान जागचं हललं तिथपासून ते जाऊन उभं राहिलं तिथपर्यंत मोजतात, आणि वर थोडी चिंधी जास्त ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर पोचल्यासारखं दिसतं. हे मी मोठं गुपित म्हणून सांगितलं तर बाबा म्हणाले रेल्वेत काय वेगळं करतो बेटा, शेवटच्या दोन स्टेशनांत टाइमटेबल ढिलं असतंच, त्याला रिकव्हरी म्हणतात.

आणि घड्याळांचं तर विचारूच नका. तिकडे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा, मार्चमधे आणि नोव्हेंबरमधे ते लोक घड्याळ सरकवतात. त्यामुळे दिल्लीहून मध्यरात्रीनंतर निघालेलं विमान पंधरा-सोळा तास उडून तिकडे त्याच तारखेच्या सकाळी उतरतं. आईला हे कधीच पटलं नाही. ती म्हणायची, तो म्हणतो आज सोमवार, आपल्याकडे मंगळवार, मग गणपतीची आरती त्यानं कुठल्या वारी करायची? पण खरं सांगू का, या बाबतीत आपण माळव्यातले लोक उगीच घाबरतो. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर उज्जैन, आणि जुन्या ज्योतिषात आपली शून्य रेखा उज्जैनवरूनच काढायचे. तिथून पूर्वेला-पश्चिमेला किती, त्याला देशांतर, पंचांगवाले अजून तो शब्द वापरतात. आता सगळ्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलंय, १९०६ पासून, त्यामुळे इंदूरचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागेच असतो. मुंबई तर १९५५ पर्यंत आपला वेगळा बॉम्बे टाइम धरून बसली होती. म्हणजे आजोबांच्या पिढीला दोन घड्याळं नवी नव्हती.

असो. आता जे सांगायचंय ते.

२०२४ च्या डिसेंबरात, एका मंगळवारी रात्री अकरा चाळीसला बाबा गेले. घरीच, लोकमान्य नगरच्या त्याच खोलीत. चौऱ्याऐंशीचे होते, दोन दिवस जेवले नव्हते, तरी आपण तयार नसतोच. अकरा चाळीस ही वेळ मी बघून ठेवली कारण तेच म्हणाले असते, वेळ बघितलीस का.

धाकट्याला फोन लावला. तिकडे मंगळवारचीच सकाळ, दहा वाजून दहा मिनिटं, तो ऑफिसच्या मीटिंगमधे. पहिलं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, थांबाल का?"

थांबाल का, म्हणजे किती थांबाल. दिल्लीचं थेट विमान त्याला त्या दिवशी मिळण्यासारखं नव्हतं. दुबईमार्गे मिळालं, तिथल्या दुपारी साडेचारचं, म्हणजे आपली बुधवार सकाळ सहा. दुबईला पोचायला आपले रात्रीचे पावणेदहा. पुढे मुंबई, मुंबईहून इंदूर, गुरुवारी सकाळी दहा वीसला उतरणार. इंदूरहून पहिलं परदेशी विमान २०१९ मध्ये सुटलं ते दुबईलाच, तेव्हा आम्ही सगळे किती खूश झालो होतो, पण त्या रात्री त्याच्या वेळेला जुळेल असं काही नव्हतं.

काका म्हणाले एक रात्र ठीक आहे, दोन रात्री ठेवू नये. आत्या फोनवर रडत रडत तेच म्हणाली. शेजारचे जोशीकाका म्हणाले व्हिडिओ कॉलवर दाखवा हो, आजकाल सगळे तसंच करतात, मुलगा समजूतदार आहे. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले मुलगा निघाला असेल तर थांबावं, शास्त्र आडवं येत नाही. सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई बाबांच्या कपाटाकडे बघत होती. तिथे डायऱ्यांची चळत आहे. ती म्हणाली, "खंडव्याला मुंबईकडची मेल लेट असली की हे गाडी धरून ठेवायचे. कंट्रोलचा निरोप आला की डायरीत 'गाडी होल्ड' लिहायचे. मला सांगायचे, मीटर गेजचा माणूस सुटला तर त्याला दुसरी गाडी सकाळी." एवढंच बोलली. थांबायचं ठरलं.

फ्रीझरची पेटी भाड्यानं आणली. वरून काच, खालून मोटर, तिची वायर खिडकीजवळच्या प्लगपर्यंत पुरेना म्हणून टीव्हीचं एक्स्टेंशन काढून लावलं. ती मोटर दर काही मिनिटांनी घर्र करून चालू व्हायची आणि दर वेळी मला वाटायचं कोणी आलं. बाबांना थंडी अजिबात सोसायची नाही, नोव्हेंबर लागला की माकडटोपी आणि मफलर. आईनं पेटी बंद करायच्या आधी तो तपकिरी मफलर त्यांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. पेटीवाला पोरगा म्हणाला आंटी, इसकी जरूरत नहीं. आई त्याला मराठीतच म्हणाली, "तुला नाही रे, ह्यांना आहे."

बुधवारी रात्री झोप कुठली. पेटीच्या बाजूला चटईवर बसून मी फोनवर विमानं दाखवणारं ॲप उघडलं. एक छोटं पिवळं विमान. आणि तेव्हा शिक्षिकेच्या डोक्यात नको तो हिशोब आला. सॅन फ्रान्सिस्को ते दुबई सरळ अंतर काढलं तर तेही १३,००० च! बरोबर आपल्याइतकंच. दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर, दोरा ताणला तर ध्रुवाला शिवूनच जाणार. म्हणजे धाकटा दुबईला उतरला तेव्हा जेवढं अंतर मी बाबांना ऐटीत सांगितलं होतं तेवढं सगळं कापून झालं होतं, आणि घर अजून दोन हजार किलोमीटर पुढे.

गुरुवारी सकाळी मुंबईहून वेळेवर निघालं. पाचशे दहा किलोमीटर, झोप लागायच्या आत संपतं. भाचा गाडी घेऊन एअरपोर्टला गेला. बाहेर बघितलं तर धुकं, समोरच्या घराची गच्ची दिसेना. इंदूरला असं धुकं वर्षातून मोजून काही दिवस, ते नेमकं त्या दिवशी. ॲपवर ते पिवळं विमान इंदूरपर्यंत आलं आणि उतरेचना, देपालपूरच्या बाजूला गोल फिरायला लागलं. एक फेरी. दुसरी फेरी. रेषा एकावर एक चढून जाड झाली, शेवयांच्या गुंत्यासारखी. काका मागून म्हणाले आता भोपाळला नाहीतर अहमदाबादला नेतील बघ. त्याला होल्डच म्हणतात, हवेत थांबवून ठेवतात तेव्हा, वैमानिकही आणि खालचे कंट्रोलवालेही. अंगणात माणसं जमलेली, तिरडी बांधून तयार, गुरुजी दोनदा घड्याळ बघून झाले, आणि मी पंचावन्न वर्षांची बाई फोनवर एका पिवळ्या ठिपक्याला म्हणत होते, उतर बाबा, उतर.

अकरा पंचवीसला बिजासन टेकडीच्या बाजूनं उतरलं. बारा वाजून पाच मिनिटांनी धाकटा दारात. तिकडचं जाड जॅकेट, दाढी वाढलेली, हातात पाण्याची अर्धी बाटली. आईजवळ गेला, मग काचेपाशी बसला. मफलर बघितला आणि मग मात्र त्याला आवरेना. मोटर पुन्हा घर्र करून चालू झाली. भाच्यानं जाऊन प्लग काढला.

पंचकुइया स्मशानातून परत येईपर्यंत चार वाजले. सगळे आपापल्या घरी गेल्यावर रात्री आम्ही दोघंच बाबांच्या खोलीत. झोप त्याला येणं शक्य नव्हतं, त्याच्या पोटात तेव्हा सकाळचे आठ-नऊ वाजले होते. मी कपाटातून त्या वर्षाची डायरी काढली. शेवटची नोंद दिवाळीतली, माझ्या मुलाची बेंगळुरूची. खाली रकाने आखलेले, बाबा पुढची पानं आधीच आखून ठेवायचे. मी लिहिलं, सॅन फ्रान्सिस्को, निघाला, मंगळवार दुपार साडेचार, तिथली वेळ. पोचला, गुरुवार अकरा पंचवीस, इथली वेळ. लेट, एक तास पाच मिनिटं. रिमार्कच्या रकान्यात धुकं लिहावं तर ते पुरेना. धाकट्यानं पेन घेतलं आणि वाकडं अक्षर काढत लिहिलं, "कनेक्शनसाठी गाडी होल्ड. ३६ तास २५ मि."

मी म्हटलं सदतीस होतात. तो म्हणाला नाही ताई, माझं घड्याळ अजून तिथलंच आहे, तुझा फोन आला तेव्हा दहा दहा, घरी आलो तेव्हा दहा पस्तीस. म्हटलं सकाळचे की रात्रीचे? मग आम्ही दोघं बोटांवर साडेतेरा तास मोजत बसलो.